बिनमिठाचं पाणी

दक्षिण इटलीतल्या चेतारा गावात, एका स्वयंपाकघरात स्पॅगेटीसाठी पाणी ठेवलं होतं. मोठं पातेलं, खळखळणारी उकळी, ओट्यावर फोडून ठेवलेला चारशे ग्रॅमचा पुडा. रांधणाऱ्या बाईने काड्या मुठीत धरल्या आणि पंख्यासारख्या पसरत पाण्यात सोडल्या. मिठाच्या डब्याला तिने हातही लावला नाही. इटलीत एरवी असं होत नाही. शंभर ग्रॅम पास्ता, एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ हा हिशेब तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. अळणी पाण्यात शिजलेल्या पास्त्यावर नंतर कितीही मीठ भुरभुरलं तरी तो आतून अळणीच राहतो. म्हणून वाटलं, विसरली असेल. डब्याकडे बोट दाखवलं, तर तिने नकारार्थी मान हलवली आणि फळीवरच्या एका इवल्याशा बाटलीकडे पाहिलं. बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव होता.

त्या न घातलेल्या मिठाचा माग काढत गेलं, की वाट समुद्रापासून निघते आणि डोंगराच्या माथ्यावर जाऊन पोचते.

बाटलीत होती कोलातूरा दि अलीची, म्हणजे अँकोव्हीचा निथळ. चेतारा हे अमाल्फीच्या किनाऱ्यावरचं, सालेर्नोच्या आखातातलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. पोझितानो आणि रावेल्लोकडे जाणारे बहुतेक लोक वळणावरून त्याचा मनोरा पाहतात आणि पुढे जातात. धक्क्यावर अजून जाळी वाळत असतात, डिझेलचा आणि माशांचा वास एकमेकांत मिसळलेला असतो, आणि या गावाला आपण मासेमारांचं गाव आहोत याचा संकोच वाटत नाही. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला, बोटाएवढा चंदेरी मासा. मार्चअखेरपासून जुलैपर्यंत रात्री होड्या बाहेर पडतात. पाण्यावर दिव्यांचा झोत टाकतात, मासा उजेडाकडे गोळा होतो आणि भोवती पर्ससीन जाळं ओढलं जातं. पौर्णिमेच्या आसपास हा उपाय फसतो, कारण सगळा समुद्रच उजळलेला असतो आणि मासा एका जागी जमत नाही. वसंतातला मासा हवा असतो तो त्याच्या अंगात चरबी कमी असते म्हणून. चरबीदार मासा खायला चविष्ट, पण खारवायला दगाबाज. महिने उलटले की त्याचं तेल खवट होतं आणि सगळं पिंप वाया जातं.

मासा आला की थांबायचं नाही. डोकं चिमटीत धरून मागे ओढलं, की आतडं त्याच्याबरोबर बाहेर येतं. सुरी लागत नाही, आणि सरावलेल्या हातांना बघावंही लागत नाही. गोड्या पाण्याने धुवायचा मोह टाळायचा, कारण पाण्याने मांस सैल पडतं आणि मीठ पातळ होतं. मग चेस्टनटच्या लाकडाच्या छोट्या पिंपात एक थर समुद्राच्या जाड्या मिठाचा, एक थर माशांचा. मासे शेपटीकडे डोक्याची बाजू असे उलटसुलट, फट न ठेवता. वर पुन्हा मीठ. या पिंपाला तेरत्सीन्यो म्हणतात, मोठ्या पिंपाच्या एक तृतीयांश म्हणून. काठापर्यंत भरलं की वर लाकडी चकती, आणि चकतीवर समुद्रावरून उचलून आणलेले गोटे.

या गोट्यांकडे नीट पाहावं. सगळी करामत त्यांच्या वजनात आहे. मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं, वजन ते वर ढकलतं, आणि मासा कायम खाऱ्या पाण्याखाली बुडून राहतो. वजन कमी पडलं तर वरचा थर हवेला लागतो, पिवळा पडतो, त्याचा वास हळूहळू खालपर्यंत उतरतो. पण वजन पहिल्या दिवशी ठेवलं तेवढंच कायम ठेवलं तरी चुकतं. मासा जसजसा मुरतो तसतसा मऊ होतो, आणि मोठ्या भाराखाली त्याचा लगदा होऊन पाणी गढूळ येतं. म्हणून दगड टप्प्याटप्प्याने हलके करत न्यायचे. जुन्या रीतीत वर आलेलं खारं पाणी काचेच्या भांड्यांत काढून उन्हात ठेवत. चार-पाच महिन्यांत ते आटून गडद होई. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते परत त्याच पिंपात ओतायचं. तळाला व्रिआले नावाच्या टोच्याने एक बारीक भोक पाडायचं आणि वाट पाहायची. पाणी थराथरांतून पाझरत, प्रत्येक माशाला स्पर्श करत खाली येतं. थेंब थेंब, धार नाही. २०२० मध्ये युरोपीय संघाने या पदार्थाला मूळस्थानाचं संरक्षण दिलं. त्या नियमांत मुरण्याचा किमान काळ नऊ महिने लिहिलेला आहे. नऊ महिने हा आकडा कागदावर वाचताना काही वाटत नाही. थंड, काळोख्या खोलीत त्या पिंपांच्या रांगेपुढे उभं राहिलं आणि मीठ, ओलं लाकूड आणि मुरलेला मासा यांचा घट्ट, थोडा गोडसर वास नाकात गेला, की तो काळ किती लांब असतो ते कळतं.

रोमन लोक माशांपासून गारुम नावाचा असाच द्रव करत, ते याचं मूळ आहे असं अभिमानाने सांगितलं जातं. असेल. मला त्या अभिमानापेक्षा पिंपाचं लाकूड जास्त खुणावतं.

कारण समुद्रकाठी चेस्टनट उगवत नाही. तो वर, लात्तारी डोंगरांच्या खांद्यावर, त्रामोन्ती आणि स्कालाच्या आसपासच्या थंड उतारांवर वाढतो. झाड बुंध्यापासून तोडलं तरी मरत नाही. खोडाभोवती नवे फुटवे सरळसोट वर येतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा तोडता येतात. लाकडात टॅनिन भरपूर असल्यामुळे ओल, बुरशी आणि मीठ त्याला लवकर खात नाहीत, शिवाय ते उभं चिरलं की सरळ फाटतं. पिंपाच्या फळ्यांना हेच दोन गुण हवेत, आणि लिंबाच्या मांडवालाही. अमाल्फीचं लिंबू झाडावर मोकळं वाढत नाही, ते मांडवावर वाढतं. चेस्टनटच्या वाशांचे उभे खांब, त्यांवर आडवे वासे, सांधे वाळुंजाच्या ओल्या फाट्यांनी घट्ट बांधलेले. लिंबाच्या फांद्या या आडव्या वाशांना बांधून आडव्याच वाढवतात, म्हणजे फळ खाली लोंबतं, वाऱ्याने घासत नाही आणि वजनाने फांदी मोडत नाही. थंडीच्या आधी मांडवावर आच्छादन घालायचं आणि वसंतात काढायचं. पूर्वी ते चेस्टनटच्या पाल्याच्या डहाळ्यांचं असे, आता बहुतेक ठिकाणी जाळी असते. जाळी स्वस्त, हलकी, दर वर्षी डोंगरातून वाहून आणावी लागत नाही. तिला नावं ठेवणं सोपं आहे, पण उतारावर एकदा ओझं घेऊन चढून गेलेला माणूस ती ठेवणार नाही. दूरून मात्र पूर्वीचा किनारा हिवाळ्यात वाळल्या पानांच्या रंगाचा दिसे, आता तो जाळीच्या रंगाचा दिसतो.

मांडवावर काम करणारे लोक जमिनीवर उतरतच नाहीत. एका वाशावरून दुसऱ्या वाशावर पाय टाकत, खाली पाच-सहा मजल्यांची दरी आणि त्याखाली समुद्र, हातात कात्री. त्यांना तिथे 'उडते शेतकरी' म्हणतात. वासा कुजला असेल तर तो कुठे कुजतो, तर सांध्यापाशी, जिथे पाणी साचतं. म्हणून पाय टाकायच्या आधी सांधा टाचेने दाबून पाहायचा. दर वर्षी काही वासे बदलावेच लागतात. तिथल्या शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीत खताच्या आधी लाकूड येतं.

फळाचं नाव स्फुसातो, म्हणजे चातीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. २००१ पासून 'लिमोने कोस्ता द'अमाल्फी' या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, आणि फळ किमान शंभर ग्रॅमचं असावं लागतं. साल फिकट पिवळी, जाड, खडबडीत. नख लावलं की तेलाचा फवारा उडतो आणि वास दुसऱ्या दिवसापर्यंत बोटांना राहतो. आतला पांढरा गर जाड आणि जवळजवळ गोड. त्यामुळे ही माणसं लिंबू सालीसकट कापून, मीठ, ऑलिव्ह तेल आणि पुदिना घालून कोशिंबिरीसारखं खातात. आपल्या कागदी लिंबाचं कुणी असं करायला जाणार नाही. पण आपल्याकडचं एक फळ असंच आहे, जाड सालीचं, रस थोडा आणि गर फार, ते म्हणजे महाळुंग. वनस्पतिशास्त्र सांगतं की लिंबू हा महाळुंग आणि कडू संत्रं यांचा संकर आहे, आणि महाळुंगाचं मूळ घर ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे म्हाळुंग आहे, तेच फळ पश्चिमेकडे सरकत गेलं, वाटेत त्याच्या पोटी लिंबू जन्मलं, आणि अरबांच्या बागांमधून त्याची लागवड भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली. स्फुसातोचा तो जाड पांढरा गर पाहिला, की त्याच्या आजीचा चेहरा ओळखू येतो.

लिंबाच्या पानांचाही उपयोग होतो. प्रोव्होला चीजचा तुकडा दोन पानांमध्ये धरून निखाऱ्यावर ठेवतात. पान खायचं नाही, त्याचा नुसता वास घ्यायचा. लिमोंचेल्लो तर आता विमानतळावरही मिळतं, पण घरची रीत साधी आहे. आठ-दहा लिंबांची साल, पंच्याण्णव टक्क्यांचं एक लिटर अल्कोहोल, काळोखात दहा-बारा दिवस. मग एक लिटर पाण्यात सातशे ग्रॅम साखरेचा पाक, पूर्ण गार करून त्यात मिसळायचा. बिघडतं ते दोन ठिकाणी. एरवी खायला गोडसर लागणारा पांढरा भाग सालीबरोबर अल्कोहोलमध्ये गेला तर कडवटपणा उतरतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. पाक कोमट असतानाच ओतला तर अल्कोहोलबरोबर वासही उडून जातो. दोन्ही एकत्र आले की द्रव दुधाळ होतो, ते सालीच्या तेलाचे बारीक कण असतात. एकदम काचेसारखं स्वच्छ लिमोंचेल्लो कुणी पुढे केलं तर त्यात साल कमी पडली आहे असं समजावं.

पण मांडव उभा कशावर आहे?

या किनाऱ्याला सपाट जमीन नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतो. शेत म्हणजे एकावर एक रचलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला धरून ठेवणारी कोरडी दगडी भिंत. तिथे तिला माचेरा म्हणतात. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हिची ओळख करून द्यायला नको, तीच बिनचुन्याची रचना, फक्त ही भिंत आपल्या पाठीवर मातीचा भार पेलत असते आणि काही ठिकाणी माणसाच्या तिप्पट-चौपट उंच असते. पाया खडकापर्यंत खणायचा, सर्वांत मोठे दगड तळाला. भिंत सरळ उभी नाही चढवायची, तिला डोंगराकडे किंचित कलती ठेवायची. दगडाची लांबी दर्शनी बाजूला दाखवायची नाही, आत खुपसायची. लांब दगड बाहेरून देखणा दिसतो पण भिंतीला बांधून ठेवत नाही. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आणि मागे, माती आणि भिंत यांच्यामध्ये, लहान दगडांचा आणि चिपांचा हातभर रुंद भराव. कमी अनुभवाचा माणूस कंटाळतो तो इथेच. हा भराव कुणाला दिसत नाही, आणि त्यात अर्धा दिवस जातो. पण पावसाचं पाणी मातीतून आलं की ते या भरावातून खाली उतरतं आणि भिंतीच्या फटींतून बाहेर पडतं. भिंत गळते, म्हणून टिकते. भराव न घालता मागे नुसती माती लोटली, की पाणी साचतं, माती फुगते, आणि दोन-तीन हिवाळ्यांत भिंतीला मध्यावर पोट सुटतं. पोट सुटलेल्या भिंतीला वरून डागडुजी चालत नाही. ती तिथपर्यंत उतरवून पुन्हा रचावी लागते. सिमेंटने सांधे भरून ती पक्की करायला जाणं तर सर्वांत वाईट, कारण मग पाण्याला वाटच राहत नाही.

२०१८ मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडी भिंतींची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, इटली आणि आणखी सात देशांच्या नावाने. हा सगळा किनारा १९९७ पासूनच जागतिक वारसा आहे. मानाची पाटी लागली याचा आनंदच आहे, पण पडलेली भिंत उचलायला पाटी येत नाही. गाढव आणि खेचर अजून लागतात, कारण पायऱ्यांवर गाडी जात नाही. एक दगड खालून वर नेणं हाच दिवसाचा मोठा खर्च. लिंबाला जो भाव मिळतो त्यात तो निघतोच असं नाही. मग वरच्या पायऱ्या आधी सुटतात, ज्या रस्त्यापासून सर्वांत लांब आणि गावाच्या डोक्यावर असतात.

आणि डोक्यावर काय आहे ते पाहायला हवं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा जो उद्रेक पाँपेईवर कोसळला, त्याची राख आणि प्युमिसचे खडे वाऱ्याबरोबर लात्तारीच्या उतारांवरही पडले. चुनखडकाच्या गुळगुळीत पाठीवर हा हलका, सच्छिद्र थर नुसता टेकलेला आहे. लिंबाला आणि चेस्टनटला ही माती फार मानवते. पण ती पाणी पीत जाते, पीत जाते, आणि एका क्षणी चिखल होऊन खडकावरून घसरते. २४ ऑक्टोबर १९१० ला चेताऱ्यात असाच लोंढा आला आणि त्या चिमुकल्या गावातली शंभरावर माणसं गेली. २५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री सालेर्नोत काही तासांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. व्हिएत्री, कावा दे' तिर्रेनी, मायोरी, मिनोरी, त्रामोन्ती आणि सालेर्नो शहर मिळून ३१८ लोक मेले. अमाल्फी, अत्रानी, मायोरी या गावांचे मुख्य रस्ते म्हणजे झाकलेले ओढे आहेत. खुर्च्या मांडलेल्या असतात, आइस्क्रीम विकलं जात असतं, आणि पायांखाली पाणी वाहत असतं. सप्टेंबर २०१० मध्ये अत्रानीत तो ओढा पुन्हा रस्त्यावर आला. प्रत्येक आपत्तीला पडक्या भिंतीच कारण होत्या असं म्हणता येणार नाही. एवढ्या पावसापुढे उभ्या भिंतीही गेल्या. पण सुटलेली पायरी पुढच्या पायरीवर पडते आणि दगड मिळालेला चिखल नुसत्या चिखलापेक्षा जास्त मोडतो, हे तिथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मायोरीहून मिनोरीला जाणाऱ्या पायवाटेला आता 'लिंबांची वाट' म्हणतात. शेकडो पायऱ्या, दोन्हीकडे माचेरे, जाळ्यांमधून गाळून आलेला उजेड, मे महिन्यात फुलांचा इतका गोड वास की घसा जड होतो. याच वाटांवरून बायका लिंबं खाली बंदरात नेत. टोपली पन्नास किलोच्या वर भरे, आणि एका दिवसात अनेक खेपा होत. त्यांना फोर्मिकेल्ले म्हणत, छोट्या मुंग्या. नाव लाडाचं आहे. त्या लाडाने मानेवरचं ओझं कमी होत नव्हतं. जहाजं इंग्लंडला आणि अमेरिकेला जात, आणि त्यांच्या हिशेबात या बायका कुठे दिसत नाहीत. आज वाटेवर त्यांच्या स्मृतीचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. तरीही या सौंदर्यावर भाळताना थोडं अवघडायला होतं. उतारावरचा प्रत्येक दगड आणि प्रत्येक टोपली कुणीतरी पाठीवर घेतलेली आहे. ते काम आता कुणी करत नाही म्हणून वाईट वाटावं की बरं वाटावं? मला तरी दोन्ही वाटतं, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

जुन्या रीतीत डिसेंबरच्या सुरुवातीला चेताऱ्यात नवा कोलातूरा तयार होई. २४ डिसेंबरच्या रात्री घरोघरी मांस वर्ज्य असतं, आणि ताटात असते ती स्पॅगेटी. चौघांसाठी चारशे ग्रॅम. एका मोठ्या वाडग्यात सहा चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेली लसणाची पाकळी, तिखट मिरचीचा तुकडा, चिरलेली पार्सली, आणि माणशी एक चमचा कोलातूरा. यातलं काहीही चुलीवर चढत नाही. कोलातूरा तापवला की त्याचा सुगंध निघून जातो आणि मागे नुसता उग्र खारेपणा उरतो. स्पॅगेटी दाताला लागेल इतकी कडक असतानाच काढायची, निथळून थेट वाडग्यात टाकायची, पातेल्यातलं दोन चमचे पिठूळ पाणी घालून झपाझप कालवायची. पाण्यात एरवीसारखं मीठ घातलेलं असेल तर इथे सगळं हातचं जातं. तो एक चमचा म्हणजे जवळजवळ मिठाने भरलेलं पाणीच असतं.

चेताऱ्यातल्या त्या बाईने हे सगळं मिनिटभरात उरकलं. चव बघितली, आणखी अर्धा चमचा घातला. घास तोंडात गेला तेव्हा आधी मीठ लागलं नाही, आधी आली एक खोल, मांसल गोडी, आणि मीठ शेवटी, जिभेच्या कडांना. जेवणं झाली. तिने पातेल्यातलं गार झालेलं पांढुरकं पाणी मोरीत ओतलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीत हातभर उंचीचं लिंबाचं रोप होतं. पाण्यात बोट बुडवून तिने ते गार झाल्याची खात्री करून घेतली आणि सगळं पाणी हळूहळू त्याच्या मुळाशी घातलं.